मौर्य साम्राज्याचं बारा शब्दांत बसवलेलं वाक्य

"मी यावर सही करणार नाही, मॅडम," मिलिंद म्हणाला.

सव्वाचार वाजले होते. सहाला शब्दांची बॅच इंग्लंडला जायची होती. त्या बॅचमधल्या एका शब्दाखालच्या एका वाक्यावर तो अडला होता.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते. हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी डिक्शनरी तयार करत होतो. डिक्शनरी इंग्लंडमधल्या प्रकाशकाची, मेहनत पुण्याची. त्या काळात अशी कामं नुकतीच आपल्याकडे यायला लागली होती. शब्दांचे अर्थ तिकडे लिहिले जात. शब्द वाक्यात कसा वापरतात हे दाखवणारी उदाहरणं आम्ही लिहायची. प्रत्येक शब्दाला तीन वाक्यं आणि एका वाक्यात जास्तीत जास्त बारा शब्द.

ही वाक्यं मनाने रचायची नसत. प्रकाशकाने आम्हाला एक कॉर्पस दिला होता. कॉर्पस म्हणजे वर्तमानपत्रं, पुस्तकं, मासिकं यांतल्या मजकुराचा प्रचंड साठा. त्यात शब्द शोधला की तो जिथे जिथे आला असेल त्या सगळ्या ओळी स्क्रीनवर एकाखाली एक दिसत. त्या वाचायच्या, शब्दाची चाल समजून घ्यायची आणि त्यावरून छोटं, सोपं वाक्य बनवायचं. लेखक वाक्य लिही, त्याखाली त्याची इनिशियल्स पडत. मग रिव्ह्यूअर ते तपासून सही करी. सहीशिवाय बॅच पुढे सरकत नसे.

मिलिंद रामटेके रिव्ह्यूअर होता. मूळचा भंडाऱ्याचा, इतिहासात एम.ए. आणि इंग्रजी पक्कं. अजून प्रोबेशनवर होता. त्याला कायम करायचं की नाही, याचा रिपोर्ट मीच लिहिणार होते, कारण टीम लीड मी होते. त्याआधी बारा वर्षं मी कात्रजकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. माझ्या चुका कोणी काढायची मला सवय नव्हती.

"कुठलं वाक्य?" मी विचारलं.

"मौर्यन. तिसरं."

मी फाइल उघडली. प्राचीन साम्राज्यांची नावं आमच्या टीमला नेहमीच छळायची. मराठीत इंग्रजीसारखं 'द' हे उपपद नाही. त्यामुळे 'मौर्यन एम्पायर' लिहिताना आधी 'द' हवा आणि 'मौर्यन रूल' लिहिताना नको, हे सगळ्यांच्या डोक्यात बसायला महिना गेला होता. मला वाटलं, तसलंच काहीतरी असेल.

तसलं नव्हतं. वाक्य होतं, 'द मौर्यन एम्पायर कोलॅप्स्ड सून आफ्टर इट टर्न्ड टू बुद्धिझम.' म्हणजे, बौद्ध धर्माकडे वळल्यावर लवकरच मौर्य साम्राज्य कोसळलं. 'द' जागच्या जागी होता. खाली इनिशियल्स माझी होती.

"व्याकरण बरोबर आहे," मी म्हणाले.

"व्याकरण बरोबर आहे. म्हणून तर कोणी थांबणार नाही. कुठली तरी मुलगी शब्द शिकायला हे वाचेल. शब्द शिकेल आणि त्याबरोबर हेही शिकेल."

"मिलिंद, तू स्वतः..." मी वाक्य अर्धवट सोडलं. त्याने ते उचललं.

"मी बौद्ध आहे म्हणून बोलत नाही, असं सांगणार होतो. पण ते खोटं होईल. म्हणूनही बोलतोय. पण वाक्य तेवढ्यासाठी चूक नाही ना. याला पुरावा काय आहे ते दाखवा, मी आत्ता सही करतो."

एवढ्यात पाटणकर सर आले. ते प्रोजेक्ट मॅनेजर. ही आमची चाचणीची शेवटची बॅच होती. ती नीट पार पडली तर पूर्ण डिक्शनरी आम्हाला मिळणार होती, नाहीतर ती दुसऱ्या शहरात जाणार होती. त्यामुळे सर दर अर्ध्या तासाला चक्कर मारत होते.

"काय अडलंय?"

मी सांगितलं. त्यांनी वाकून वाक्य वाचलं.

"यात 'आफ्टर' आहे. 'बिकॉज' कुठे आहे? नंतर कोसळलं एवढंच म्हटलंय. त्यामुळे कोसळलं असं कुठे म्हटलंय?"

हे उत्तर खरं तर मीच देणार होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती पोकळ आहे ते कळलं.

"सर, हडपसरला आल्यानंतर तुमचे केस गेले," मी म्हणाले. "असं मी कोणाला सांगितलं तर तो काय समजेल?"

सर हसले नाहीत. "सहाला बॅच जायला हवी, मॅडम," म्हणाले आणि गेले.

आम्ही कॉर्पस उघडला आणि 'मौर्यन' शोधलं. ओळी खाली सरकत गेल्या. कोसळलं, लयाला गेलं, मोडकळीला आलं, तुकडे झाले. मिलिंदने मग रोमन पाहिलं, असिरियन पाहिलं. तीच रड. साम्राज्य उभं असताना इंग्रजी वाक्यांना त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं, त्याची आठवण निघायची ती पाडण्यासाठी.

शेवटी माझ्या वाक्याची मूळ ओळ सापडली. चांगली लांबलचक ओळ होती. तिचा अर्थ असा होता: पूर्वी काही लेखक म्हणत की बौद्ध धर्माकडे वळल्यावर लवकरच मौर्य साम्राज्य कोसळलं, पण आता हे मत फारसं कोणी मानत नाही.

मी तिचं डोकं आणि शेपूट कापून मधला भाग ठेवला होता. बारा शब्दांत बसवायचं होतं ना.

शाळेत असताना मी मुलांना उतारा थोडक्यात लिहायला सांगायची आणि कोणी अर्थ बदलला की अख्खं पान पुन्हा लिहून घ्यायची.

"खोड ते," मी म्हणाले. "नवीन लिही."

पाच मिनिटांत त्याने लिहून आणलं. अर्थ असा: बौद्ध धर्मामुळे मौर्य साम्राज्य प्राचीन जगातलं सर्वांत दयाळू राज्य बनलं.

"हे नाही चालणार."

"का?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमचं चालतं आणि माझं चालत नाही?"

"माझं कुठे चाललं? आत्ताच खोडलं. सर्वांत दयाळू हे कोणी मोजलं? याला पुरावा काय आहे ते दाखव, मी पास करते."

त्याचेच शब्द त्याला परत मिळाले होते. मला वाटलं, हा आता निघून जाईल. त्याने कागद चुरगाळला, खिशात कोंबला आणि जागेवर जाऊन बसला. मी लांबून बघत होते. तो कॉर्पसच्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचत होता.

पाच वाजून वीस मिनिटांनी त्याने कागद माझ्यासमोर ठेवला. 'सेव्हरल मौर्यन पिलर्स आर स्टिल स्टँडिंग.' मौर्यकाळातले कित्येक स्तंभ अजून उभे आहेत.

सहा शब्द. खरं आहे, जाऊन बघता येतं, आणि शब्द कसा वापरायचा तेही कळतं. मी दोनदा वाचलं. त्यात सुधारायला काही नव्हतं, आणि मला ते थोडं झोंबलंही.

पण एक अडचण होती. शेवटच्या टप्प्यावर वाक्य बदललं तर क्वेरी शीट भरावी लागे. म्हणजे काय बदललं आणि का, हे प्रकाशकाला लेखी कळवायचं. आमच्या बॅचला एकही क्वेरी नव्हती. पाटणकर सरांना त्याचा फार अभिमान होता.

"अहो मॅडम, शेवटच्या बॅचला क्वेरी?" ते म्हणाले. "गुपचूप बदला ना. त्यांना काय कळतंय!"

"गुपचूप बदललं तर जुन्या बॅचमध्ये मी आणखी काय कापलंय, ते कोण शोधणार?"

"आणि कारण काय लिहिणार?"

"वाक्य लहान करताना लेखकाने अर्थ बदलला. लेखक मी. चूक रिव्ह्यूअरने पकडली."

"रिव्ह्यूअरचं नाव घालू नका. प्रोबेशनवर आहे तो. उगाच त्याच्यावर यायचं."

"त्याचंच नाव घालणार आहे," मी म्हणाले.

बॅच सहा चाळीसला गेली. आमची कंपनीची बस चुकली. स्वारगेटपर्यंत मी आणि मिलिंद एका रिक्षाने आलो. वाटेत तो एवढंच म्हणाला, "मॅडम, माझं ते दुसरं वाक्य पण तसं वाईटच होतं." मी हो म्हणाले.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. तिकडच्या संपादक बाई मोजकं लिहायच्या. नवीन वाक्य मान्य. आता आधीच्या सगळ्या बॅचमधली 'आफ्टर' असलेली वाक्यं मूळ ओळींशी ताडून पाहावीत. एक आठवडा देत आहोत.

सरांनी ती मेल मला वाचून दाखवली, प्रत्येक शब्द सुटा करून. तो शनिवार आणि त्यापुढचा रविवार आम्ही सहाजण ऑफिसात होतो. तसली आणखी नऊ वाक्यं निघाली. चार माझी होती. एक मिलिंदने सही केलेलं होतं, ते त्याने स्वतःच वर आणून ठेवलं.

काम आम्हाला मिळालं. पूर्ण डिक्शनरी नाही, अर्धी. उरलेली अर्धी दुसऱ्या शहरात गेली. आमच्या क्वेरीमुळे गेली की क्वेरी असूनही अर्धी राहिली, हे मला माहीत नाही, आणि 'नंतर'वरून 'मुळे' काढायचं मी तेव्हापासून सोडलंय. माझ्या त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये सरांनी 'डिलिव्हरीला उशीर करतात' असं लिहिलं. खरं होतं, चाळीस मिनिटं. मिलिंदच्या रिपोर्टमध्ये मी 'कायम करावे' एवढंच लिहिलं. पुढे दोन वर्षं माझी वाक्यं तोच तपासायचा आणि एकही सहजासहजी सोडायचा नाही.

आता निवृत्त झाले आहे. अधूनमधून नवीन मुलं विचारतात, मॅडम, वाक्य लहान कसं करायचं? मी सांगते, विशेषणं काढा, क्रियाविशेषणं काढा, लागलं तर तारीखसुद्धा काढा. 'काहींच्या मते' तेवढं राहू द्या. जागा खातं, पण राहू द्या.