शेतीच्या पुस्तकांमागची जागा

चूक माझीच होती. लातूरच्या आमच्या वाचनालयात एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं. रहस्यकादंबरीचा पहिला भाग मी घरी नेला आणि दुसरा कुणी पळवू नये म्हणून शेतीच्या जाड पुस्तकांमागे दडवला. क्लासची पोरं तिथं नुसती अभ्यासाला येतात. त्या कपाटाकडे कुणी फिरकत नाही.

जाळीची टोपी घालणारे एक म्हातारे मात्र रोज यायचे. त्यांचं नाव मला अजूनही माहीत नाही. कादंबऱ्यांच्या कपाटापुढे उभे राहून ते एकेका पुस्तकावरून बोट फिरवायचे आणि माझ्याकडे वळायचे. "साहेब, पहिला भाग मागंच वाचला, दुसरा दिसला का? खुनी कोण, या विचारानं झोप न्हाई."

"न्हाई हो, चाचा," म्हणून मी पेपरात तोंड खुपसायचो. घरी मला जेवण गोड लागेना.

शेवटी मी ते पुस्तक काढून त्यांच्यापुढे धरलं. "चाचा, मीच दडवलं होतं."

ते खुदकन हसले. "मालूम हाय. तुम्ही यायच्या आधी रोज थोडं थोडं वाचून परत तिथंच ठेवत होतो. कवाच संपलं."

"मग मला रोज का विचारत होता?"

"तुमचं तोंड बघायला. लई मजा यायची." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण साहेब, वाचनालय जुन्या इमारतीत होतं तवापासून शेतीमागची जागा माझी हाय. आता मी माझं पुस्तक कुठं दडवू?"

मी हात जोडले. "माफ करा, चाचा. उद्यापासून मी माझं कुक्कुटपालनाच्या मागं ठेवतो."