धुरा बघायला हेलिकॉप्टर

सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आले आणि आमच्या घरात हेलिकॉप्टर शिरलं. लेकीनं मोबाईलवर समुद्रावरून उडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहिले होते. जी जाहिरात उघडावी ती कोकणातली, नाहीतर गोव्याची. मराठवाड्याच्या माणसाला आकाश बघायचं असेल तर आधी रात्रभर गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, असं या कंपन्यांचं मत दिसलं. लातूरच्या शिकवणी वर्गात रसायनशास्त्र शिकवून माझा घसा बसतो. तीन दिवसांतले दोन रस्त्यात घालवायची माझी मुळीच तयारी नव्हती. मग कळलं, नांदेडला शहराबाहेरच्या माळावर तीन दिवस हेलिकॉप्टर येणार आहे.

फेऱ्या तीन प्रकारच्या होत्या. नवऱ्याला गोदावरी आणि शहरावरून दहा मिनिटांत उरकणारी हवी होती, कारण त्याला सगळंच दहा मिनिटांत उरकायचं असतं. लेकीला माहूरचा किल्ला हवा होता. तिसरी होती किनवटचं जंगल आणि सहस्रकुंडचा धबधबा. ती कुणालाच नको होती. पण माझे वडील, आबा, मोतीबिंदू काढल्यानंतरच्या तपासणीसाठी गावाहून आमच्याकडे आले होते, ते खाटेवरून म्हणाले, "किनवटचंच घ्या."

"आबा, जानेवारीत धबधब्याला पाणी कुठलं? दगड बघायचे का?"

"दगड तर दगड. मला जंगल बघायचंय."

सत्तरी ओलांडलेल्या या माणसानं उमरी तालुक्यात राहून किनवटचं जंगल कधी हौसेनं पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बुकिंगवाल्या मुलीची उलटतपासणी सुरू केली.

"बाई, इमान भोकरच्या अंगानं जातं का?"

"सर, रूट एकदम सीनिक आहे."

"ते असू द्या. उमरी तालुका कोणच्या बाजूला येतो?"

बिचारीनं कुणाला तरी विचारून सांगितलं, उजव्या. आबांनी लगेच उजवीकडची खिडकी मागून घेतली. मला भरून आलं. म्हाताऱ्याला वरून आपलं गाव बघायचंय, एवढी तरी हौस पुरवावी, म्हणून मी नवऱ्याला गप्प केलं, लेकीला रडवलं आणि किनवट पक्कं केलं.

शनिवारी माळावर आमची वजनं करायला रांग लागली. तेव्हा आबांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात सातबारा होता आणि गावचा नकाशा, घडीवर फाटलेला.

"हे कशाला?"

"धुरा बघायचाय," आबा म्हणाले. "वरून समदं दिसतं. मोबाईलमधलं कुणीबी फिरवतंय, डोळ्यांनी बघितलेलं कोण फिरवंल?"

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. आबांचं शेत आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे काकांचं, यांच्यामध्ये एक धुरा आहे. काका दर पेरणीला नांगराच्या एकेका सरीनं धुरा आमच्यात सरकवतात, हे मी अकरा वर्षं ऐकत आले होते. अकरा वर्षं दोन्ही घरं बोलत नव्हती. मीही नव्हते बोलत. लग्न होऊन लातूरला आले तरी माहेरचं भांडण मी इमानानं सांभाळलं, जशी काही माहेरी तीच माझी वाटणी. आणि आता पोरीची सुट्टी, माझी सुट्टी, सगळी या धुऱ्यावरून ओवाळून टाकायची! मी तिथंच आबांना ऐकवलं. मागचे लोक वळून बघायला लागले. आबा शांतपणे वजनकाट्यावर चढले.

हेलिकॉप्टर उठलं तेव्हा लेक रुसवा विसरून किंचाळली. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. मी आबांच्या मागच्या खिडकीशी होते. भोकरच्या अलीकडे आबांनी काचेवर बोट ठेवलं. आमची विहीर दिसली, तिच्या अलीकडे आमची ज्वारी, पलीकडे काकांचा हरभरा. नाल्यापासून रस्त्यापर्यंत सगळ्या शेतांचे धुरे दोरी लावल्यासारखे सरळ होते. फक्त एकच मधोमध सुटलेल्या पोटासारखा पुढे आला होता. आमची ज्वारी काकांच्या हरभऱ्यात घुसली होती. डोळे नीट असलेल्या कुणालाही दिसलं असतं, आणि आबांचा तर मोतीबिंदू नुकताच काढला होता.

त्यांनी बोट काढून घेतलं. पुढे जंगल आलं, धबधब्याचे कोरडे दगड आले. आबांनी एकदाही खाली पाहिलं नाही.

उतरल्यावर मी त्यांना गाठलं. "बघितलंत?"

"वरून काय कळत न्हाई. इमान हालून राहिलं होतं."

"इमान हललं तर सगळे धुरे हलायला पाहिजेत, आपलाच कसा हलला?"

"तुझ्या आज्याच्या काळापासनं तसाच हाय तो."

"मग अकरा वर्षं काकांच्या नावानं बोटं का मोडली?"

आबा चहाच्या टपरीकडे चालायला लागले. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. त्यांचा आला, पण त्यांच्याहून माझा मला जास्त आला. मी वर्गात पोरांना दटावते, मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही म्हणून. आणि इथं चोर कोण हे स्वतः एकदाही न बघता मी ठरवून टाकलं होतं. सुट्टीला माहेरी गेले की त्याच रस्त्यानं जायचे. कधी गाडी थांबवून त्या धुऱ्यावर उभी राहिले नाही.

काकूंचं काय करायचं, हे मला तिथं माळावर सुचेना. मी सात वर्षांची असताना आई वर्षभर अंथरुणाला होती, तेव्हा काकूंनीच मला न्हाऊ-माखू घातलं. एका पायरीवर बसवून स्वतःच्या लेकीची आणि माझी वेणी घालायच्या. फणी आधी माझ्या केसांत फिरायची. चार वर्षांपूर्वी त्या नांदेडच्या दवाखान्यात पंधरा दिवस होत्या. आबा म्हणाले, न्हाई जायचं. मी गेले नाही. मग त्या वारल्या, तेव्हा मातीलाही गेले नाही. त्या दिवशी मी फळ्यावर समीकरणं लिहीत होते, आणि आपण किती ताठ कण्याच्या आहोत असं मला वाटत होतं. थू!

मी चुलत बहिणीला फोन लावला. ती किनवटकडे आश्रमशाळेत शिकवते. नंबर होता, लावला कधी नव्हता. तिनं माझा आवाज ओळखला.

"आत्ता आमच्या शाळेवरून हेलिकॉप्टर गेलं," ती म्हणाली. "पोरं जेवण टाकून पळाली. तूच होतीस का काय त्यात?"

"मीच होते. धुरा बघितला." मी एका दमात सांगून टाकलं. "आम्हीच खाल्लाय गं तुमचा."

मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायलाच पाहिजे होत्या. मी कानाशी फोन घट्ट धरून वाट बघत होते.

"ठाऊक हाय की," ती म्हणाली. "बाबानं सरकारी मोजणी आणली होती ना. आईलाबी ठाऊक होतं."

"मग काकू मला एका शब्दानं बोलल्या कशा नाहीत?"

पोरांच्या गलक्यातून ती बाजूला आली.

"दवाखान्यात मी म्हटलं होतं, तिला फोन करून सांगते म्हणून. आई म्हणाली, फोनवर नको, तिला बापाचं वाईट वाटंल. दोन दिवसांत येईलच ती मला बघायला. आली की मीच जवळ बसवून सांगते."