वह्यांची सीट

रामाकोन्याहून सौंसरला जाणाऱ्या बसमध्ये शाळेतल्या एक मॅडम रोज शेजारच्या सीटवर वह्यांचा गठ्ठा ठेवून बसत. खड्डा आला की लाल पेन वर उचलत, रस्ता नीट लागला की घाईने बरोबरची खूण करत. उभं राहून पाय दुखले, तेव्हा मी चिडूनच विचारलं, "हे काम शाळेत नाही होत का?"

गठ्ठा मांडीवर घेत त्या म्हणाल्या, "शाळेत दिवसभर मोबाइलवर माहिती भरा लागते, भाऊ. वह्या तपासाले हाच वेळ भेटते."

परवा संत्र्याच्या बागेजवळ बस पंक्चर झाली. आम्ही सगळे उतरून ड्रायव्हरवर ओरडत होतो. मॅडम मात्र जागेवरच होत्या. खिडकीतून पाहिलं, तर एका वहीत खुणेखाली त्या सावकाश दोन ओळी लिहीत होत्या.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "आरामात होऊ द्या, भाऊ."