गच्चीवरचं जाळं

तेव्हा आमची बटालियन सिकंदराबादेत होती आणि मी हवालदार होतो. घर शेजारीच हैदराबादेत, बरकतपुऱ्यात, वडिलांच्या वेळचं. रविवारी आउटपास मिळाला की मी स्कूटरवर घरी येई, आणि मागे बसलेला असे माझ्या सेक्शनमधला नाईक सत्यम.

सत्यम गोदावरीच्या मुखाजवळचा, कोळ्याचा मुलगा. त्याच्या गावापुढे रस्ता संपतो. मग खाड्या, चिखल, खारफुटीचं जंगल आणि त्यापलीकडे समुद्र. मी हैदराबादेत वाढलेला; माझं पाणी म्हणजे हुसेन सागर. तो सांगायचा, मी ऐकायचो. पहाटे धुक्यात नाव पाण्यावर आहे की ढगावर ते कळत नाही. झाडं पायाच्या बोटांवर उभी असतात. ओहोटीला छोटे मासे चिखलावरून चालत जातात. बराकीत पंख्याखाली पडून मी ते जंगल इतक्या वेळा पाहिलं की झोपेतही त्याचा खारट वास यायचा. मला तिथे जायचंच होतं. लहान मुलासारखं जायचं होतं.

सुट्टीत एक दिवस तिकडे मासे मारायला जायचं ठरलं. त्याच्या वडिलांची अट एकच होती. ज्याला जाळं फेकता येतं, तोच नावेत बसेल. म्हणून सत्यमने घरून जाळं आणलं आणि आमच्या गच्चीवर माझं ट्रेनिंग सुरू झालं. हवालदार शिकणार, नाईक शिकवणार.

जाळ्याची दोरी मनगटाला बांधायची. घोळ हातावर घ्यायचा, काठाला ओवलेल्या शिशाच्या मण्यांपैकी एक शिसं दातात धरायचं आणि अंग फिरवून सगळं एकदम सोडायचं. हवेत जाळं भाकरीसारखं गोल उघडलं पाहिजे. टाकण्याआधी ज्याने शिकवलं त्याचं नाव घ्यायचं, ही त्यांच्या घरची रीत. सत्यम 'नान्ना' म्हणायचा, म्हणजे बाबा. मग त्याचं जाळं उघडायचं आणि आम्ही बघत राहायचो.

मी जाळं सोडलं आणि गच्चीवर पालथा पडलो.

ग्रेनेड रेंजवर मी वर्षानुवर्षं पोरांना हेच शिकवलं होतं. फेकलं की खाली. हाताने काहीही फेकलं की अंग आपोआप जमीन शोधायचं. माझं जाळं केबलच्या तारेत अडकलं. गल्लीत तेव्हा नुकतंच घरोघर केबल आलं होतं. शेजारच्या काकूंची मालिका ऐन रंगात बंद पडली आणि त्यांनी मला तेलुगूत बरंच काही ऐकवलं. माझी बायको सुमन जिन्यातून हसत म्हणाली, "जित्याची खोड."

सत्यम हसला नाही.

"उस्ताद, ये ग्रेनेड नहीं है," तो म्हणाला. "निलबडि चूडु. खड़े रहके देखने का."

नावेत असं अंग टाकलंत तर नाव उलटेल, असं त्याने समजावलं. पण माझं पालथ्या घड्यावर पाणी. किती रविवार गेले, मी पडतच राहिलो. तरी रजा मंजूर झाली. मी पिठ्ठू भरला, बूट पॉलिश केले. चिखलात बूट कशाला, म्हणून सत्यमने माझी टर उडवली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ऑर्डर आली. रजा रद्द, बटालियन मूव्ह. जाळं घरी खुंटीवरच राहिलं.

आम्ही काश्मीरला गेलो. एका सकाळी सफरचंदाच्या बागेतल्या घराला कॉर्डन लावला. माझा सेक्शन मागच्या बाजूला होता; रेडिओवर आमचं नाव चार्ली वन.

"चार्ली वन, पोझिशनवर आहे. ओव्हर."

"चार्ली वन, थांबा. ओव्हर."

तेवढ्यात खिडकीतून ग्रेनेड आला. आम्ही सगळे खाली. रेडिओ ऑपरेटर नवा होता, तो थिजून उभाच राहिला. सत्यम उठला, त्याने ऑपरेटरला ओहोळात ढकललं. त्याला स्वतःला खाली पडायला वेळ मिळाला नाही. ऑपरेटर वाचला. मी सेट हातात घेतला आणि सांगितलं, "चार्ली वन. एक कॅज्युअल्टी. नाईक सत्यम. ओव्हर."

पेन्शनवर घरी आलो त्या हिवाळ्यात एक म्हातारा पत्ता विचारत दारात आला. सत्यमचे वडील. मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं की त्यांच्या मुलाने मला तिकडे न्यायचा शब्द दिला होता, तो पुरा करायचा आहे. उद्या संध्याकाळची गाडी. सुमनने भाकऱ्या आणि ठेचा बांधायला घेतला. म्हाताऱ्याने खुंटीवरचं जाळं उतरवलं, मांडीवर पसरलं आणि फाटलेली भोकं विणत दुपारभर बसला. मी शेजारी बसून त्याची बोटं बघत होतो. ती सत्यमची बोटं होती. घरात खाडीचा वास यायला लागला, असं मला खरंच वाटलं.

ऊन कलल्यावर तो जाळं घेऊन गच्चीवर गेला. अट माझ्यासाठीही बदलली नव्हती.

मी जाळं टाकलं आणि पडलो. पुन्हा टाकलं, पुन्हा पडलो. मला उभं राहायची भीती वाटत होती. उभा राहिलेला माणूस मी पाहिला होता.

"नाम नहीं लिया," म्हातारा म्हणाला.

खरंच, मी घेतलं नव्हतं. त्या सकाळनंतर ते नाव मी मोठ्याने उच्चारलंच नव्हतं.

मी उठलो. घोळ नीट हातावर घेतला. "सत्यम," म्हणालो, शिसं दातात धरलं आणि सोडलं. डिश अँटेना आणि तारांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाळं गोल उघडलं. ते खाली टेकेपर्यंत मी उभा होतो. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात हलवला नाही.

म्हाताऱ्याने जाळं गोळा केलं. नावेत बसशील, असं मान हलवून सांगितलं. मग दोरी स्वतःच्या मनगटाला बांधून तो मी उभा होतो तिथे येऊन उभा राहिला. त्याला जाळं त्याच्या बापाने शिकवलं होतं. रीतीप्रमाणे त्याने बापाचंच नाव घ्यायला हवं होतं.

"सत्यम," तो म्हणाला, आणि त्याने जाळं सोडलं.