सिस्टर आणि उत्तनचा चढ

आमच्या सिस्टर चढावर कधी पाय टेकत नसत. उत्तनच्या डोंगरावर जाणारी मुरुमाची वाट चांगल्या चांगल्या पोरांना सायकलवरून उतरायला लावते. सिस्टर अठ्ठावन्न वर्षांच्या. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला गच्च बांधून, सगळ्यात हलका गियर टाकून त्या शेवटच्या वळणापर्यंत जात. तिथून एकदम समुद्र दिसतो, किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील दिसतात, चौक गावच्या बोटी दिसतात. मग त्या उतरत आणि म्हणत, "झालं. आता आठवडा सुरू."

भाईंदरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मूळच्या रत्नागिरीच्या, सगळी नोकरी मुंबईत नर्स म्हणून. मला मधुमेह निघाला तेव्हा लिफ्टमध्ये माझ्या हातातलं लॅबचं पाकीट बघून त्या म्हणाल्या, "रिपोर्ट कपाटात ठेवून साखर उतरत नाही, सुहास. रविवारी सकाळी सहाला सायकल घेऊन खाली ये." मी गेलो. त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिले काही महिने मी अर्ध्या चढावर ढेपाळायचो. एकदा लाज वाटून म्हणालो, "चेन पडली." त्यांनी मागे वळून पाहिलं. "चेन जागेवर आहे. माणूस पडलाय. पाणी पी आणि बस जरा." ओरडल्या नाहीत की हसल्या नाहीत. पंधरा मिनिटं उन्हात माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

वाटेच्या तोंडाशी सुकी मासळी विकणाऱ्या मार्थाबाई त्यांची दर आठवड्याला थट्टा करायच्या. "सिस्टर, रिक्षा हाय ना! कशाला जीव काढतेस?" सिस्टरांचं उत्तर ठरलेलं. "रिक्षानं गेलं की डोंगर बघून होतो, मार्थाबाई. चढून होत नाही." मग त्या पिशवीतून यंत्र काढून मार्थाबाईंचं ब्लडप्रेशर बघत आणि खारं कमी खा म्हणून दम भरत. सुकी मासळी विकणाऱ्या बाईला.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना खोकला लागला. एका रविवारी त्यांनी चढावर पाय टेकला. मी पुढे होतो, वळून पाहिलं तर त्या हँडलवर डोकं टेकून उभ्या. वर पोचल्यावर समुद्राकडे बघत त्यांनी सांगितलं, "फुफ्फुसाचा आहे. पसरलाय. मी स्वतःच फिल्म बघितली, म्हणून डॉक्टरांना खोटं बोलता आलं नाही." मला रडू फुटलं. "इथं रडू नकोस," त्या म्हणाल्या. "अजून उतरायचंय. डोळे पूस."

पुढे सायकल जिन्याखाली उभी राहिली. मी रोज संध्याकाळी वर जाऊन बसायचो. एका बुधवारी त्या म्हणाल्या, "सुहास, एकदा वर नेशील का? रिक्षानं चालेल."

रिक्षानं चालेल, हे त्यांच्या तोंडून आलं तेव्हाच मी उठायला हवं होतं. पण ऑफिसात ऑडिट चालू होतं. मी म्हणालो, "रविवारी नक्की."

"बरं. रविवारी."

शनिवारी पहाटे त्यांना श्वास घेता येईना. हॉस्पिटलमध्ये नेलं. रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी तो बोटानं जरासा सरकवला.

"आज वार कोणता?"

"शनिवार," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग, "हो का," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं. सोमवारी दुपारी त्या गेल्या. रत्नागिरीहून भाचा आला, त्यानंच अग्नी दिला.

महिनाभरानं मी उत्तनला गेलो. सायकल घरीच होती, बसनं गेलो. मार्थाबाईंना काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं तशी त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि पाटी बाजूला सरकवून मला बसायला जागा दिली. मग न विचारताच मी त्यांना वाराचंही सांगितलं. सिस्टरांना फसवलं, आणि शेवटचं बोलणं तेच झालं, हे तोवर बायकोलाही बोललो नव्हतो.

मार्थाबाई बराच वेळ बोंबलांवरच्या माश्या हाकत राहिल्या.

"नर्स ती," शेवटी त्या म्हणाल्या. "तिला वार कळला न्हाय, असं वाटतंय तुला?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांना कळलं होतं, तेच तर मला माहीत होतं.