उंट येऊन गेला

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. शेजारच्या तात्यांची उंटकटाऱ्याची झाडं गुरांनी मोडली नव्हती. ती मी उपटली.

तात्या मूळचे चांदवडचे, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. लोक कुंपणाला जास्वंद लावतात. यांनी गावच्या माळावरून बी आणून हे काटेरी रान वाढवलं होतं. थंडीत त्याला निळसर पांढरे काटेरी चेंडू लागत आणि त्यांवर मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं जमत. काकू वारल्या, मुलगा बंगळूरला गेला, त्यानंतर त्या घरी तेवढीच काय ती वर्दळ. रोज सकाळी ते कुंपणाशी दोन खुर्च्या मांडत. एकीवर स्वतः बसत आणि मी दिसलो की म्हणत, "या भाऊसाहेब, पाव्हणे आलेत." मला ड्यूटीची घाई असायची. रविवारीसुद्धा.

काट्यांवरून कुणी टोकलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "काटे हायेत म्हणून टिकलंय. नाय तर तुम्ही कवाच तोडून देवाला वाहिलं असतं."

माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या आधी ते भावाच्या दहाव्याला गावी गेले. झाडं आमच्या फाटकाकडे झुकलेली. व्याह्यांकडच्या बायकांच्या साड्या अडकतील, हे कसलं रान म्हणून कुणी नाक मुरडेल, याचीच मला धास्ती. हातमोजे चढवले आणि सगळी मुळासकट काढली. चेंडूंवर माश्या बसलेल्या होत्या. त्या झटकल्या, तर तिथल्या तिथेच घोंगावत राहिल्या.

तात्या परतले. हातातली पिशवी तशीच धरून उभे राहिले. त्यांनी काही विचारायच्या आतच मी म्हणालो, "गुरं शिरली होती."

ते उकरलेल्या मातीकडे बघत म्हणाले, "गाय याला तोंड लावत नाय. उंट तेवढा खातो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आला आसंल एखादा उंट."

कॉलनीत ज्यानं विचारलं त्याला त्यांनी हेच सांगितलं, उंट येऊन गेला. लोक हसायचे. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून मात्र तात्यांनी एकच खुर्ची बाहेर काढली.

पुढे मुलगा त्यांना घेऊन गेला. निघताना त्यांनी काडेपेटीत जपलेलं बी माझ्या हातावर ठेवलं. "तुमच्या बाजूनं पेरा, भाऊसाहेब. तिकडं उंट येत नाय."

वर्षाच्या आत ते बंगळूरलाच वारले. बी उगवलं आहे, माश्या येतात. तात्यांना खरं सांगायचं राहिलं, आणि एक सकाळ त्यांच्या शेजारी बसायचंही. हे दोन्ही मी त्यांचं देणं लागतो.