तिच्या ताटातला पहिला घास

उमरीतल्या आमच्या संस्थेच्या जागेत आता मंगल कार्यालय झालंय. मतिमंदांची खाजगी संस्था होती ती. एका गुरुजींनी स्वतःच्या मुलीसाठी काढलेली. मग किनवट, हिमायतनगरकडची माणसंही आपापली लेकरं घेऊन आली आणि घर भरून गेलं. मी तिथं काळजीवाहक. हा शब्द कागदावरचा. तोंडी मी सगळ्यांची मावशी.

त्यातली एकजण माझ्याच वयाची होती. बोलायची थोडं, हसायची लई. आल्या आल्या तिला फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी दिसली की तोंड घट्ट मिटायची. मी मोठी शहाणी! गोळी कुटून वरणात कालवली. पहिल्याच घासाला तिला कडू लागलं, आणि तिनं माझ्याकडं जे पाहिलं ते अजून डोळ्यापुढून जात नाही. दोन दिवस तिनं ताटाला हात लावला नाही. शेवटी मीच तिच्या ताटात हात घातला, एक घास खाल्ला, तोंड उघडून दाखवलं. तेव्हा कुठं जेवली बाई. पुढं गोळी मी तिच्या हातावर उघडी ठेवू लागले, तीही घेऊ लागली. घासाची रीत मात्र राहिली. रोज दोन वेळा, अकरा वर्षं.

लेकरांच्या ताटातलं आपण खायचं नाही, असा संस्थेचा कडक नियम. तपासणीला साहेब आले की मी त्यांच्याकडं पाठ करून बसायचे आणि पटकन घास उचलायचे.

गुरुजी वारले आणि वर्षभरात संस्था बंद पडली. ज्यांना घर होतं ते घरी गेले. तिला न्यायला कुणी आलं नाही, म्हणून तिला लातूरच्या एका संस्थेत पाठवलं. तिच्या सवयी लिहून द्या म्हणाले, तेव्हा मी सगळं लिहिलं: गोळ्यांच्या वेळा, अंधाराला भिते, केस हळू विंचरा. घासाचं लिहिलं नाही. नियम मोडल्याचं आपल्या हातानं कोण लिहून देतं?

चौथ्या दिवशी तिथून फोन आला. "मावशी, तुमची बाई जेवून न्हाई राहिली. सलाईन लावलीय. काय करावं?"

घासाचं फोनवर कबूल करवेना. सकाळची पहिली बस धरली.

ती भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. मला पाहून हसलीसुद्धा नाही. तिथल्या काळजीवाहक बाईला मी सगळं सांगून टाकलं. बाई उदगीरकडची, लिंगायत, गळ्यात इष्टलिंग. दुसऱ्याच्या ताटातल्या घासाचा विटाळ मानत असणार, असं मीच ठरवून टाकलं होतं.

"रोज खावं लागतंय व्हय?" तिनं विचारलं.

"हाव. दोन्ही टायमाला."

"आन मी खाल्लं तर चालंल का तिला?"

"तेच तर बघायचंय."

ताट आलं. माझा हात सवयीनं पुढं गेला. मागं घेतला. मी घास खाल्ला असता तर ती लगेच जेवली असती, आणि मी गेल्यावर पुन्हा उपाशी. नव्या बाईनं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला, खाल्ला, तोंड उघडून दाखवलं. आमची बाई माझ्याकडं बघू लागली. मी मान खाली घातली. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला. जेवली. सगळं ताट जेवली, वर आणखी मागितलं.

मी एवढ्या लांबून त्यासाठीच आले होते. पण खोटं कशाला सांगू, जीव जळला माझा. वाटलं, एकदा तरी वळून पाहील. तिनं नवा घास केला, त्या बाईच्या तोंडापाशी नेला आणि म्हणाली, "खा."

अकरा वर्षांत मला ती असं कधीच म्हणाली नव्हती.